खाद्यातून माशांना लस : मत्स्यशेतकरी नेहमी विचारतात ते प्रश्न

शेततळ्यात रोहू-कटला वाढवणारे, धरणातल्या पिंजऱ्यांत पंगस किंवा तिलापिया सोडणारे आणि खाडीकाठी जिताडा पाळणारे शेतकरी लसीबद्दल जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. सगळा भर जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगांवर आहे. आज काय शक्य आहे आणि काय नाही, हे दोन्ही स्पष्ट लिहिलं आहे, कारण अर्धवट माहितीवर खर्च करणाऱ्याचंच नुकसान होतं.

खाद्यातून लस देणं म्हणजे नेमकं काय करायचं?

रोग करणारा जिवाणू मारून, किंवा जिवंत ठेवून पण त्याची रोग करण्याची ताकद काढून घेऊन, तो खाद्यात मिसळायचा. मासा ते खाद्य खातो, लस आतड्यात पोचते आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्या जिवाणूची ओळख करून घेतात. पुढे खरा जिवाणू आला की शरीर लवकर आणि जोरात प्रतिकार करतं. आपल्या मुलांना पोलिओचे थेंब पाजतात, तसंच हे.

माशांना लस देण्याच्या आणखी दोन पद्धती आहेत. एकीत लसीच्या पाण्यात मासे थोडा वेळ बुडवून काढतात, दुसरीत प्रत्येक माशाच्या पोटात इंजेक्शन देतात.

ही कल्पना नवीन आहे का?

नाही. १९४२ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात डफ नावाच्या शास्त्रज्ञाने क्लोरोफॉर्मने मारलेले जिवाणू खाद्यातून ट्राउट माशांना दिले आणि फुरंक्युलोसिस या रोगापासून त्यांचा बचाव होतो हे दाखवलं. म्हणजे मत्स्यलसीकरणाच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक, आणि तो तोंडावाटेच होता. पण त्याच सुमारास प्रतिजैविकं आली, ती स्वस्त आणि झटपट होती, आणि लसीकडे कित्येक वर्षं कुणी फारसं पाहिलं नाही. अमेरिकेत पहिल्या मत्स्यलसीला विक्रीचा परवाना मिळाला तो १९७६ मध्ये. ती ट्राउटच्या ‘रेडमाउथ’ रोगावरची, माशांना बुडवून द्यायची लस होती.

इंजेक्शनची लस जास्त चांगली असते म्हणतात. खरं आहे का?

संरक्षणाचा विचार केला तर होय, आणि हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नॉर्वेचं उदाहरण पाहा. १९८७ मध्ये तिथल्या सामन (सॅल्मन) माशाच्या पालनात सुमारे ५० टन प्रतिजैविकं वापरली गेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेलात मिसळलेल्या इंजेक्शनच्या लसी आल्या आणि काही वर्षांतच हा आकडा एक-दोन टनांच्या घरात उतरला. आज नॉर्वे वर्षाला १० लाख टनांहून जास्त सामन काढतो, तरी प्रतिजैविकांचा वापर नगण्य आहे. हे इंजेक्शनने साधलं, खाद्यातल्या लसीने नाही.

मग खाद्यातूनच देण्याचा आग्रह कशासाठी?

कारण नॉर्वेचा सामन आणि आपला रोहू यांच्या किमतीत फार अंतर आहे. सामनच्या एकेका पिल्लाला भूल देऊन यंत्राने टोचणं तिथे परवडतं. आपल्याकडे एका हेक्टरच्या तळ्यात हजारो बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतो. त्या जाळ्याने ओढायच्या, भूल द्यायची, टोचायचं, परत सोडायचं, यात मजुरी तर जातेच, शिवाय खवले निघतात, अंगावरचं बुळबुळीत आवरण पुसलं जातं आणि त्याच जखमांतून जिवाणू आत शिरतात. अगदी लहान पिल्लांना तर इंजेक्शन देताच येत नाही. एकदा मोठ्या जलाशयात किंवा तळ्यात सोडलेल्या माशांना दुसरा डोस द्यायचा झाला तर खाद्याशिवाय दुसरी वाटच उरत नाही.

माझं ठाम मत आहे की कमी दरात विकल्या जाणाऱ्या, सामान्य माणसाच्या ताटातल्या माशाला लसीचं संरक्षण मिळायचं असेल तर ते खाद्यातूनच मिळेल. म्हणून या पद्धतीच्या उणिवा नीट समजून घ्यायला हव्यात.

लस पोटात गेल्यावर पचून जात नाही का?

सगळी अडचण इथेच आहे. प्रतिकारशक्ती जागी करायची तर लसीतले घटक आतड्याच्या मागच्या भागापर्यंत शाबूत पोचायला हवेत, कारण ते उचलून आतल्या पेशींकडे देण्याचं काम मुख्यतः तिथे होतं. ऐंशीच्या दशकात नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन इथल्या शास्त्रज्ञांनी हे सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, माशात तपासलं. तोंडातून दिलेल्या लसीपेक्षा गुदद्वारातून थेट मागच्या आतड्यात सोडलेल्या लसीला चांगला प्रतिसाद मिळाला. वाटेत होणारी मोडतोड किती मोठी असते, हे त्यातून कळलं.

आता आपल्या माशांकडे वळू. तिलापिया, पंगस, जिताडा यांना जठर असतं आणि त्यात आम्ल असतं. तिलापियाच्या जठरातलं आम्ल तर फारच तीव्र असतं. तिथून लस सुखरूप नेणं कठीण. पण रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस या कार्प कुळातल्या माशांना जठरच नसतं. अन्ननलिकेतून अन्न सरळ आतड्यात जातं. म्हणजे आम्लाचा अडथळा मुळातच नाही, फक्त पाचक विकरांचा (एन्झाइमांचा) आहे. सामन आणि ट्राउट या जठर असलेल्या माशांवर बसवलेली गणितं आपल्या कार्पला जशीच्या तशी लावून चालणार नाहीत. इथली लस इथल्या माशावरच तपासून तयार व्हायला हवी.

आम्ल आणि विकरांपासून वाचवण्यासाठी लसीवर आवरण चढवतात. समुद्री शेवाळापासून मिळणारं अल्जिनेट आणि कोळंबीच्या टरफलांपासून बनणारं कायटोसान ही त्यातली दोन जास्त वापरली जाणारी द्रव्यं. लहान पिल्लांसाठी आर्टेमियासारख्या सूक्ष्म जिवांना आधी लस खाऊ घालून मग तेच जीव पिल्लांना चारण्याचीही पद्धत आहे.

भारतात यावर काही काम झालं आहे का?

झालं आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. मंगळूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूची ‘बायोफिल्म’ लस तयार झाली. नेहमीच्या पद्धतीत जिवाणू द्रव माध्यमात मोकळे वाढवतात. मंगळूरच्या संशोधकांनी ते कायटिनच्या (कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांतल्या द्रव्याच्या) बारीक कपच्यांवर थर करून वाढवले. असे थरात राहणारे जिवाणू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. मग उष्णतेने ते मारले आणि खाद्यातून रोहू, कटला व सायप्रिनसला दिले. ते चिकट आवरण आतड्यात ढालीचं काम करतं, त्यामुळे लसीचे घटक शरीरात जास्त काळ टिकले, प्रतिपिंडं (जिवाणूशी लढणारी शरीरातली प्रथिनं) जास्त तयार झाली आणि मोकळ्या वाढवलेल्या जिवाणूंच्या लसीपेक्षा बचावही चांगला झाला. हे निष्कर्ष १९९९ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. नंतर मागूर आणि मरळ या मांसाहारी माशांवरही हीच पद्धत तपासली गेली.

अलीकडे मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि भुवनेश्वरची केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्था यांनी इंडियन इम्युनोलॉजिकल्स या लस कंपनीशी करार केले आहेत. मुंबईच्या संस्थेबरोबरचं काम कॉलम्नारिस व एडवर्डसिएला रोगांवर, तर भुवनेश्वरबरोबरचं एरोमोनासच्या रक्तस्रावी रोगावर आहे. प्रयोगशाळेतलं काम कारखान्यापर्यंत पोचण्याची ही वाट आहे, म्हणून तिच्याकडे लक्ष ठेवावं.

कोणत्या रोगांवर लसीचा उपयोग होऊ शकतो आणि कोणत्यांवर नाही?

आपल्याकडे पोट फुगणं, डोळे बाहेर येणं, अंगावर रक्ताचे डाग पडणं यामागे बहुतेकदा एरोमोनास किंवा एडवर्डसिएला असतात. कल्ले आणि शेपूट कुजण्यामागे बऱ्याचदा कॉलम्नारिसचा जिवाणू असतो. तिलापिया गोल-गोल फिरत मरत असेल तर स्ट्रेप्टोकॉकसचा संशय घ्यावा. हे सगळे जिवाणू आहेत, त्यामुळे लसीच्या टप्प्यात येतात.

हिवाळ्यात अंगावर खोल व्रण पाडणारा ईयूएस हा रोग मात्र मुळात ॲफॅनोमायसिस या बुरशीसदृश जीवामुळे होतो. जिवाणूंची लस त्यावर चालणार नाही. अर्ग्युलस, म्हणजे माशांच्या उवा, यांवरही नाही. उवांनी केलेल्या जखमांतून एरोमोनास शिरतो, म्हणून उवांचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

एक गोष्ट लक्षात असू द्या. एरोमोनास हायड्रोफिलाचे प्रकार पुष्कळ आहेत आणि एकावर केलेली लस दुसऱ्यावर चालेलच असं नाही. पाश्चात्त्य देशांत काही रोगांवरच्या लसींना जे यश मिळालं ते या एरोमोनासवरच्या लसीला अजून का मिळालं नाही, त्याचं हे मोठं कारण आहे.

पिल्लांना कितव्या आठवड्यात लस द्यावी?

जितकी लवकर तितकी बरी, असा समज आहे. तो चुकीचा आहे. माशाची प्रतिकारयंत्रणा तयार होण्याआधी लस दिली तर शरीर त्या जिवाणूला ‘आपलाच’ समजून सोडून देऊ लागतं. नेदरलँड्समध्ये कार्पवर झालेल्या प्रयोगांत दोन ते चार आठवड्यांच्या पिल्लांना खाद्यातून लस दिल्यावर पुढे प्रतिसाद उलट मंदावला, आणि आठेक आठवड्यांच्या पिल्लांत मात्र लसीची आठवण तयार झाली.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या मिसिसिपीचं. तिथे चॅनल कॅटफिशची मोठी शेती आहे आणि एडवर्डसिएला इक्टालुरी या जिवाणूने होणारा रोग ही तिथली जुनी डोकेदुखी. २००० च्या सुमारास त्यावर बुडवून द्यायची जिवंत लस बाजारात आली. पण हॅचरीतून तळ्यात जाणारी पिल्लं जेमतेम आठवडा-दहा दिवसांची असत, आणि लस तेव्हाच देणं भाग होतं. त्या वयात ती नीट लागू पडेना. मग तिथल्या संशोधकांनी रोग करण्याची ताकद काढून घेतलेला जिवंत जिवाणू खाद्यातून द्यायची लस केली. पिल्लं तळ्यात वाढून खाद्याला लागली, एक-दोन महिन्यांची झाली, की गोठवून ठेवलेली लस वितळवून पाण्यात पातळ करायची, तळ्याच्या काठावरच यंत्राने खाद्यात मिसळायची आणि लगेच टाकायची. माशाला हात लावायचा नाही. तळ्यांतल्या चाचण्यांत जगण्याचं प्रमाण आणि उत्पादन दोन्ही वाढलं. वय, जिवंत लस आणि फारसे प्रकार नसलेला जिवाणू, या तीन गोष्टी तिथे जुळून आल्या.

लस दिल्यावर किती दिवसांत गुण येतो?

मासा थंड रक्ताचा, त्यामुळे हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. मत्स्यलसींच्या हिशेबात तापमान आणि दिवस यांचा गुणाकार करतात, आणि तो ठरावीक आकड्याला पोचला की संरक्षण तयार झालं असं धरतात. समजा ४०० हा आकडा गाठायचा आहे. १० अंशांच्या पाण्यात त्याला ४० दिवस लागतील, आपल्या २८ अंशांच्या तळ्यात साधारण १४-१५ दिवस, आणि डिसेंबर-जानेवारीत पाणी २० अंशांवर उतरलं तर २० दिवस. हा हिशेब मुळात थंड पाण्यातल्या माशांवरून आला आहे, तेव्हा तो अंदाजासाठीच वापरावा. पण थंडीतल्या रोगासाठी लस थंडी पडायच्या आधी द्यायची, एवढा धडा त्यातून नक्की घ्यावा.

खाद्यातून दिलेल्या लसीचा प्रभाव बहुधा काही महिनेच टिकतो. म्हणून युरोपात ट्राउटच्या रेडमाउथ रोगासाठी पहिला डोस बुडवून देतात आणि काही महिन्यांनी खाद्यातून दुसरा देऊन प्रतिकारशक्ती पुन्हा वर आणतात. खाद्यातल्या लसीचा आजवरचा सगळ्यात भरवशाचा उपयोग हाच, दुसऱ्या डोसचा.

तळ्यातल्या सगळ्या माशांना सारखी लस मिळेल का?

खरी कसोटी इथे लागते. दांडगा मासा पोटभर खातो, मागे पडलेला उपाशी राहतो, आणि लसीची सगळ्यात जास्त गरज असते ती त्या मागे पडलेल्यालाच.

मिश्र मत्स्यपालनात तर गुंता आणखी वाढतो. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाला. लस तरंगत्या खाद्यावर लावली तर मृगळच्या वाट्याला किती येणार? आणि आपल्याकडे कित्येक जण अजून भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड भिजवून किंवा भोकं पाडलेल्या पोत्यात भरून टांगतात. अशा भुकटीत लस मिसळली तर माशाच्या तोंडात जाण्याआधीच ती पाण्यात विरघळून जाईल. कांडी खाद्य बनवताना आतच घातली तर यंत्रातल्या उष्णतेने ती खराब होऊ शकते. म्हणून तयार कांडी गार झाल्यावर लस लावून वरून तेलाचा हात देतात, म्हणजे पाण्यात लगेच सुटत नाही.

त्यामुळे लस येईल तेव्हा येवो, खाद्य देण्याची शिस्त आजच लावून घ्या. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, दोन-तीन ठिकाणी विभागून टाका. महिन्यातून एकदा जाळं फिरवून नमुना वजन काढा. तळ्यात एकूण किती किलो मासा आहे हे ज्याला माहीत नाही, त्याला लसीचा डोस काढताच येणार नाही.

लस देऊनही मासे मेले, तर लस खोटी समजायची का?

नाही. कोणतीच मत्स्यलस शंभर टक्के वाचवत नाही. लसीचं माप असं काढतात : लस न दिलेल्या माशांत ६० टक्के मरतूक झाली आणि लस दिलेल्यांत २४ टक्के, तर मरतूक ६० टक्क्यांनी कमी झाली, म्हणजे लसीचं संरक्षण ६० टक्के. कंपनीचा माणूस आकडा सांगेल तेव्हा लस न दिलेल्या माशांत मरतूक किती होती, हे आधी विचारा. त्याशिवाय त्या आकड्याला काहीच अर्थ नाही.

काही जिवाणू तर लसीला फारच कमी दाद देतात. चिलीतल्या सामनला पिसिरिकेट्सिया या जिवाणूचा रोग होतो. हा जिवाणू माशाच्या पेशींच्या आत लपून राहतो. तिथे इंजेक्शन आणि खाद्यातली लस, दोन्ही वापरात आल्यानंतरही २०१४ आणि २०१५ मध्ये दर वर्षी ५०० टनांहून जास्त प्रतिजैविकं लागली.

रोग आल्यावर लस दिली तर चालेल?

नाही. लस हा इलाज नव्हे. आजारी मासा खाणंच सोडतो, मग लस त्याच्या पोटात जाणार कशी?

प्रतिजैविक स्वस्तात मिळतं. तेच दिलं तर काय बिघडलं?

पुष्कळ बिघडतं. आजारी मासा खात नाही, त्यामुळे औषधाचं खाद्य निरोगी मासे खातात आणि उरलेलं तळाच्या गाळात जातं. तिथल्या जिवाणूंना औषधाची सवय होते आणि पुढच्या वर्षी तेच औषध कामाचं राहत नाही. एरोमोनास माणसालाही आजारी पाडू शकतो, त्यामुळे औषधाला न जुमानणारे जिवाणू तळ्यापुरते राहतील अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं मत्स्यपालनात वापरायला बंदीच आहे. ऑक्सिटेट्रासायक्लिनचा अंश माशात किलोमागे ०.१ मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही. निदान न करता दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध टाकणं थांबायलाच हवं.

कोळंबीला लस देता येईल का?

माशाला देतो त्या अर्थाने नाही. कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडं तयारच होत नाहीत, त्यामुळे लसीची आठवण ठेवणारी यंत्रणा तिच्यात माशासारखी नाही. कोळंबीसाठी ‘लस’ म्हणून काही विकायला आलं तर सावध राहा. तिथे रोगमुक्त बीज आणि स्वच्छ पाणी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

दुकानात ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ म्हणून जे मिळतं, ती लसच का?

नव्हे. बीटा-ग्लुकान, जीवनसत्त्व क, प्रोबायोटिक यांनी माशाची सर्वसाधारण ताकद थोडी वाढू शकते, पण ती ठरावीक जिवाणूची ओळख करून देत नाहीत. लसीला औषध कायद्याखाली परवाना लागतो. वेष्टनावर कोणत्या जिवाणूवर, कोणत्या माशासाठी, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि किती तापमानाला ठेवायची, हे सगळं छापलेलं नसेल तर ती लस म्हणून घेऊ नका.

लस दिलेला मासा खाल्ला तर अपाय होतो का?

होत नाही. मेलेल्या जिवाणूंची लस माशाच्या शरीरात इतर प्रथिनांसारखीच मोडून जाते. लसीच्या वेष्टनावर विक्रीआधी थांबायचे दिवस दिले असतील तर ते मात्र पाळावेत.

लस हाती येईपर्यंत काय करावं?

बोटुकली विश्वासाच्या केंद्रातूनच घ्या आणि सोडण्याआधी मिठाच्या पाण्यातून काढा. गर्दी करू नका. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील तर आधी प्राणवायूकडे पाहा, कारण गुदमरलेला मासा रोगाला लगेच बळी पडतो.

मरतूक सुरू झालीच, तर निदान करून घ्या. त्यासाठी मेलेला, सडू लागलेला मासा घेऊन जाऊ नका, त्यात भलतेच जिवाणू वाढलेले असतात. लक्षणं दिसत असलेले, अजून जिवंत असलेले चार-पाच मासे बोटुकलीच्या वाहतुकीची असते तशा प्राणवायू भरलेल्या पिशवीतून न्या. तळ्याचं पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत भरा. जिवंत नेणं जमत नसेल तर नुकतेच मेलेले मासे बर्फात ठेवा, पण गोठवू नका. नमुना काढण्याआधी कोणतंही औषध टाकू नका. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात कळवा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ ॲपवरही फोटोसह माहिती देता येते. कोणत्या जिल्ह्यात कोणता जिवाणू किती नुकसान करतो, ही नोंद जितकी पक्की होईल तितकं लस बनवणाऱ्यांना योग्य जिवाणू निवडणं सोपं जाईल.